रेघोट्यांची बाजू

सुताराच्या घरात त्या आठवड्यात एकच विषय होता, बायकोचं नाटक. साठीला टेकलेली बाई, जन्मात कधी रंगमंचावर चढली नव्हती, आणि आता एकदम राणी! ग्रंथालयाच्या सभागृहात शनिवारी प्रयोग होता. आमंत्रणाची ऐंशी कार्डं तिनं स्वतः घरोघरी जाऊन वाटली. नेमक्या सभागृहाच्या खुर्च्या वाळवीनं खाल्ल्या, तेव्हा सुतार छाती काढून म्हणाला, "ऐंशी माणसं बसवायची जबाबदारी माझी!"

"बसवा हो," बायको म्हणाली. "पण एक जरी माणूस उभा दिसला, तर मी पडद्याबाहेर पाऊल टाकणार नाही. उभी माणसं मधेच निघून जातात." ती एकदा बोलली की बोलली, हे सुताराला चाळीस वर्षं ठाऊक होतं.

वखारीतून फळ्या मिळाल्या शंभर, पुढच्या आठवड्यापर्यंत एकही जास्त नाही. हाताशी पाच दिवस. सुतार आणि त्याचा मुलगा रोज सहा-सहा तास राबले तर साठ तास. एका बाकाला चार फळ्या आणि दोन तास लागायचे, त्यावर तीन माणसं बसायची. एका स्टुलाला एक फळी, एक तास, माणूस एक.

"सगळे बाकच करून टाकू," सुतारानं नेहमीप्रमाणे अंदाजपंचे ठरवून टाकलं.

त्याची सून शाळेत गणित शिकवायची. ती दारातूनच म्हणाली, "बाबा, पंचवीस बाकांत फळ्या संपतील. पंच्याहत्तरच माणसं बसतील. आणि नुसती स्टुलं केलीत तर साठ तासांत साठच."

"मग काय, पाच जणांना खांद्यावर घेऊ?"

"दोन्ही मिसळून करायचं. किती-किती, ते मी आलेख काढून सांगते."

तिनं कागदावर आडव्या अक्षावर बाक घेतले, उभ्या अक्षावर स्टुलं. एक तिरकी रेघ फळ्यांची, दुसरी तासांची. दोन्ही रेघांच्या आत, जिथे फळ्याही पुरतात आणि तासही, तिथे तिनं रेघोट्या मारल्या आणि कागद सासऱ्यांपुढे धरला.

सुतारानं चष्मा पुसून पाहिलं. "रेघोट्यांचं सगळं गेलं. उरलं ते बाहेरचं, म्हणजे तीस बाकांच्याही पुढे! अहो मास्तरीणबाई, त्याला एकशेवीस फळ्या लागतील. शाळेत हेच शिकवता का?"

मुलगा फिस्सकन हसला. सुनेचा चेहरा एवढासा झाला. लग्नाला वर्ष होत आलं, तरी सुतारकामातली एक गोष्ट तिला कुणी विचारली नव्हती. आज कुठे तिनं आपणहून सांगितलं होतं. सुताराला मनात वाईट वाटलं, पण तोंडातून गेलेला शब्द परत कोण घेतो! त्यानं कागद खिळ्याला अडकवला आणि पहिली फळी ओढली.

माप घेतलं, रेघ मारली, रेघेपलीकडे भराभर रेघोट्या ओढल्या आणि करवत चालवली. रेघोट्यांचा तुकडा त्यानं पायानं ढलप्यांत लोटला.

"थांबा!" सून ओरडली. "बाबा, त्यावर रेघोट्या कशाला मारल्या?"

"चुकून भलतीकडे कापू नये म्हणून. रेघोट्यांची बाजू टाकाऊ. यात विचारायचं काय?"

सून हसायला लागली ती थांबेचना. "अहो, आमच्या गणितात उलटं! आमची रेघोट्यांची बाजूच कामाची!"

"हात्तिच्या! मग आधी नाही का बोलायचं?"

तिनं त्याच्याच कानावरची पेन्सिल घेतली आणि एका प्लायवूडवर आलेख पुन्हा काढला. या वेळी रेघोट्या रेघांच्या बाहेर. मधे चार कोपऱ्यांचा कोरा तुकडा राहिला.

"हा ठेवायचा," सुताराचे डोळे चमकले. "आता यात सगळ्यात जास्त माणसं कुठे?"

तिनं लांब पट्टी तिरपी ठेवली. "एक बाक कमी, तीन स्टुलं जास्त, तरी माणसं तेवढीच. हा त्याचा उतार. एवढाच तिरपा धरून पट्टी बाहेर सरकवायची. जितकी बाहेर, तितकी माणसं जास्त. तुकड्याचं शेवटचं टोक जिथे सुटतं..."

"कळलं गं! पट्टी सरकवायला मला शिकवतेस?"

पट्टी हळूहळू सरकली आणि दोन रेघा जिथे भेटत होत्या, त्या कोपऱ्यावर येऊन टेकली. सुतारानं खाली पाहिलं, वीस. बाजूला पाहिलं, वीस.

"वीस बाकांवर साठ, स्टुलांवर वीस. ऐंशी! फळ्या ऐंशी नि वीस, शंभर. तास चाळीस नि वीस... अगं, एक ढलपीसुद्धा उरत नाही!" तो मुलाकडे वळला. "हसतोस काय? करवत घे!"

शनिवारी सभागृह भरलं. वीस बाक, वीस स्टुलं, एक जागा रिकामी नाही. सुतार मागे भिंतीला टेकून कौतुकानं बघत होता. तिसरी घंटा झाली, पण पडदा हलेना. आतून बायकोचा आवाज आला, "मागे कोण उभं आहे?"

पडद्याची दोरी धरून मुलगा डोकावला. "आई, बाबाच आहेत!"

पहिलं कार्ड तिनं सुनेला दिलं होतं. नवऱ्याला कार्ड कोण देतं? आणि सुतारानंही सगळ्यांना मोजलं, फक्त स्वतःला सोडून. सभागृहात हशा पिकला.

"मी येणार नाही म्हणजे नाही!" आतून राणीनं बजावलं.

"बाबा, इकडे या," शेवटच्या बाकावरून सून म्हणाली. "सरका हो जरा."

"अगं, बाक तिघांचा आहे."

"बाक तुमचा, गणित माझं. बसा."

सुतार अंग चोरून बसला. चौघांच्या भारानं बाक कुरकुरलासुद्धा नाही. पडदा सरकला, राणी ऐटीत बाहेर आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गडबडीत सुतार सुनेच्या कानाशी वाकला. "पोरी, एक्क्याऐंशीवा माणूस रेघेच्या कुठल्या बाजूला गं?"

"आतल्या, बाबा," ती म्हणाली.