आधी हत्तीला हात

विद्यापीठाच्या संघात मुलींची एकच जागा उरली होती आणि शेवटच्या फेरीत समोर कोण, तर माझीच मावसबहीण. माझं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. तिला अजून दोन वर्षं होती, पण बाईसाहेबांना घाई.

बुद्धिबळ तिला मीच शिकवलं, आमच्या स्वयंपाकघरात बसून. डावाची ही इटालियन ओपनिंग नावाची सुरुवातसुद्धा माझीच. महिनाभर रोज संध्याकाळी आम्ही तेच घोटत होतो, त्यामुळे पहिल्या पाच चाली दोघींनी भराभर उरकल्या. घोडा बाहेर, उंट बाहेर. आता कॅसलिंग करायचं, म्हणजे एकाच चालीत राजा आणि हत्ती दोन्ही हलवायचे, की राजा कोपऱ्याकडे सुरक्षित. मी नेहमीसारखा आधी हत्ती उचलला, मग राजाकडे हात नेला.

तिनं घड्याळ थांबवलं आणि पंचांना बोलावलं.

"सर, हिनं आधी हत्तीला हात लावलाय."

पंच म्हणजे आमचे गणिताचे सर. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"मग हात लावला तो हत्तीच चालवा," ते म्हणाले. "कॅसलिंगला राजा आधी उचलायचा, एवढं माहीत नाही?"

माहीत होतं हो. पण घरी हे कोण बघतं? हाताला सवय लागली ती लागली. आधीच्या फेऱ्यांतल्या पोरींनी तर चक्क कानाडोळा केला होता. मी मुकाट्यानं हत्ती सरकवला. राजा मधेच उघडा पडला आणि मग तिनं माझी पार दाणादाण उडवली. पंचविसाव्या चालीला मी हार मानली. हात मिळवताना तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

जिन्यात तिला गाठलं.

"महिनाभर रोज बघत होतीस ना गं? एकदा तरी बोलायचंस."

"बोलणार होते ताई," ती खाली बघत म्हणाली. "पण मग मी जिंकले कशी असते?"

घरी पोचले तर आई मावशीशी फोनवर बोलत होती. तिनं फोन माझ्या हातात दिला.

"सगळं तुझ्यामुळे झालं गं," मावशी म्हणाली. "आता संघाबरोबर जाईपर्यंत रोज तयारी करून घे तिची. तुझ्याशिवाय तिला आहे कोण?"

आई कौतुकानं माझ्याकडे बघत उभी होती.

"हो मावशी," मी म्हटलं. "उद्यापासून पाठव."