सुतक कळल्यावर लागतं

धारचे उदाजीराव गेले, त्याच संध्याकाळी देवासच्या घरात ठरलं की आबासाहेबांना सांगायचं नाही. मानसिंगराव आबासाहेब हे उदाजीरावांचे थोरले भाऊ. वय ऐंशी, नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं, आणि धक्का बसता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण घरात सुतक आलं, म्हणजे दहा दिवस देवपूजा बंद, आणि पूजा बंद पडली की आबासाहेब कारण विचारणार. म्हणून त्यांचा मुलगा वीरेंद्र याने गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, सुतक कळल्यावर लागतं, ज्याला ठाऊकच नाही त्याला दोष नाही. घरातल्यांना तेवढंच हवं होतं. शास्त्रात एखादी सवलत सापडली की आपल्या माणसांना कोण आनंद होतो.

आबासाहेबांना जमिनीवर बसायची मनाई होती. ते खुर्चीवरून मंत्र म्हणायचे आणि पूजा करायची ती वीरेंद्रची मुलगी, राजनंदिनी. तिला तर सगळं ठाऊक होतं. तिच्या सुतकाचं काय, हे गुरुजींना कोणी विचारलं नाही.

नंदिनीलाही त्याचं काही वाटलं नाही. खरं तर कशाचंच वाटत नव्हतं. धारचे आबा, म्हणजे उदाजीराव, तिला लहानपणी स्कूटरवर पुढे उभं करून नालछ्यापर्यंत फिरवून आणायचे. ते गेले हे ऐकून तिने मान हलवली आणि गॅसवरचं दूध उतरवलं. रोज सकाळी कुळदेवांचे चांदीचे टाक धुवायचे, पुसायचे, फुलं वाहायची आणि दहाला कॉलेज गाठायचं. हात आपोआप चालत होते.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला तिने नीतिशास्त्र घेतलं होतं, कारण त्यात आकडेमोड नव्हती. विनीता मॅडमनी त्या आठवड्यात फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे कर्तव्य: खरं ते बोलावं, परिणाम काहीही होवो. दुसरीकडे परिणाम: ज्याने जास्त लोकांचं भलं होईल ते करावं. घरून निबंध लिहून आणायचा होता, उदाहरणासकट. नंदिनीने आपल्याच घरचं उदाहरण दिलं, फक्त नावं बदलली. म्हाताऱ्याचा जीव वाचला, घर सुखात राहिलं, सबब खोटं बोलणं योग्य, असा छान निष्कर्षही काढला. लिहिताना तिला जांभई आली.

इकडे आबासाहेब रोज संध्याकाळी पाच वाजता फोन जवळ घेऊन बसत. भाऊ नालछ्याला पाहुण्यांकडे गेलेत, तिथे रेंज नाही, असं त्यांना सांगितलं होतं. चौथ्या दिवशी त्यांचा पारा चढला. थोरला भाऊ इस्पितळातून जिवंत घरी येतो आणि याला साधी विचारपूस करवत नाही, म्हणाले. मग नंदिनीला बोलावून सांगितलं, "त्याचा फोन आला तर आबासाहेब झोपलेत म्हण. मला त्याच्याशी बोलायचं नाही." ती बरं म्हणाली. त्यानंतर ते फोनकडे बघेनासे झाले.

नवव्या दिवशी निबंध परत मिळाला. दहापैकी आठ गुण होते. समासात मॅडमनी लाल शाईने लिहिलं होतं, "उदाहरण अच्छा है। पर दादाजी से किसने पूछा?"

नंदिनीने ती ओळ वर्गात वाचली, बसस्टॉपवर वाचली, घरी जिन्यात उभं राहून वाचली. दुसऱ्या दिवशी धारला दहावा होता. तिथे सगळे भाऊबंद उदाजीरावांना पाणी देणार होते आणि त्यांचा सख्खा भाऊ देवासला रुसून बसला होता. उद्यानंतर सांगून काही उपयोग नव्हता.

ती आत गेली. आबासाहेब वर्तमानपत्र वाचत होते. आवाज न चढवता, न रडता, हजेरी द्यावी तसं ती म्हणाली, "आबासाहेब, धारचे आबा गेले. उद्या दहावा आहे."

त्यांनी छातीवर हात ठेवला. ती गोळी आणायला वळली, तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग आंघोळीला पाणी काढायला सांगितलं आणि म्हणाले, वीरेंद्रला सांग, पहाटे गाडी काढ.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"त्याच दिवशी."

देवघरात सकाळची फुलं अजून ताजी होती. नंदिनीला वाटलं, आता टाकांचं निघणार, विटाळाचं निघणार. तिने दोन्ही हात ओढणीत लपवले.

"देवांचं सोड, ते मी निस्तरीन," आबासाहेब म्हणाले. "पण पाच दिवस मी त्याच्यावर रुसून होतो, बाळ. मेलेल्या माणसावर. ते आता कुणापाशी जाऊन निस्तरू?"

नंदिनीला नऊ दिवसांत पहिल्यांदा रडू आलं. आबासाहेबांनी उठायला हात पुढे केला. ओढणीतून हात बाहेर काढायला तिला वेळ लागला, तोवर ते तसाच हात पुढे धरून थांबले.