तिसऱ्या रविवारची हरकत

शांती अढाव पनवेलच्या एका हॉस्पिटलात नऊ वर्षं सिस्टर होती. नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी दम भरायची, "वापरलेल्या सुईला टोपण घालायचं नाही. सरळ डब्यात टाकायची." आणि २००७च्या ऑगस्टात, एक्सप्रेसवेवरच्या अपघाताचे चार पेशंट एकदम आले तेव्हा, याच शहाण्या बाईने घाईघाईत सुईला टोपण घातलं. सुई हातमोज्यातून थेट अंगठ्यात शिरली. त्या पेशंटला एचआयव्ही असल्याचं संध्याकाळी कळलं.

डॉक्टरांनी लगेच महिनाभराच्या, हमखास मळमळ आणणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. रक्ताची तपासणी दीड महिन्याने एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. ती दुसरी निगेटिव्ह आली की सुटका. नाव गुप्त राहावं म्हणून सॅम्पलवर नुसता नंबर घालायचा, सतरा. तो कोणाचा हे डॉक्टर आणि मेट्रन शशिकलाबाई सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. आता गंमत बघा, लपवायचं होतं ते नेमकं रक्त तपासणाऱ्यापासूनच. लॅबमधल्या प्रणित साळवीशी शांतीचा मे महिन्यातच साखरपुडा झाला होता.

त्याला सांगायला काय हरकत होती? सांगितलं तर तो जाईल ही एक भीती, आणि भलेपणापोटी जाणारच नाही ही दुसरी. दुसरीच तिला जास्त छळायची. म्हणून ती लग्न पुढच्या वर्षावर ढकलू बघत होती. पण सप्टेंबरअखेर, तिची पहिली तपासणी निगेटिव्ह आली त्याच आठवड्यात, प्रणितने तिला न विचारता डिसेंबरची तारीख ठरवून टाकली. एरवी चहात साखर किती हेही दोनदा विचारणारा माणूस! शांती चिडली. पण नाही म्हणायचं कारण सांगता येईना, तेव्हा हो म्हणाली.

चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. पहिल्या रविवारी शेजारच्या बाया तिला कौतुकाने कोपरं मारत होत्या आणि ती हरकतीचं वाक्य संपेपर्यंत उगाच बायबलची पानं उलटत होती. दुसऱ्या रविवारी तिने मुद्दाम ड्यूटी लावून घेतली. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी तीन महिन्यांचं सॅम्पल दिलं. रिपोर्ट सोमवारी मिळणार होता.

इतके दिवस तिची प्रार्थना एकच होती, प्रभू, निगेटिव्ह येऊ दे. त्या रविवारी सकाळी गुडघे टेकले तेव्हा मात्र तोंडून दुसरंच निघालं, प्रभू, बोलायची हिंमत दे. ज्याच्याशी जन्म काढायचा त्याला देवाच्या घरात बसून फसवणं तिला सोसवेना.

उपासनेच्या अर्धा तास आधी तिने प्रणितला चर्चच्या पायरीशी गाठलं. "आज नावं वाचतील, त्याला माझीच हरकत आहे," म्हणाली आणि सुई, गोळ्या, सतरा नंबर, सगळं एका दमात सांगून मोकळी झाली.

"मला ठाऊक आहे," प्रणित म्हणाला. "सप्टेंबरपासून."

"कोणी सांगितलं?"

"तूच. फॉर्म भरलास आणि खाली सवयीने सिस्टर म्हणून सही ठोकलीस. सतरा नंबरचा पेशंट एकाही वॉर्डात नाही, आणि तू महिनाभर मळमळीने हैराण. मी काय एवढा ढ आहे?"

शांतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि गप्प बसलास? मी एकटी झुरत होते रे!"

"लॅबमधलं बाहेर बोलायचं नसतं. आणि तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. रोज."

तिचा राग तिथेच निम्मा झाला. "कालचं सॅम्पल?"

"संध्याकाळी थांबून केलं. रिपोर्ट मेट्रनबाईंकडे आहे. मी सांगू शकत नाही, त्यांना फोन कर." बोलला खरा, पण त्याचं हसू कानापर्यंत पोचलं होतं. असला चेहरा घेऊन माणसाने गुपितं सांभाळू नयेत.

तिने फोन लावला. "अगं, काल किती फोन केले तुला! बंद काय ठेवतेस?" शशिकलाबाई ओरडल्या. "निगेटिव्ह आहे, बाळा. संपलं सगळं."

शांती मटकन पायरीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. तीन महिन्यांत तिला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

पाळक दिनानाथसाहेब झगा सावरत बाहेर आले. "रडारड कसली? आता हरकत नका काढू बुवा. या प्रणितने सप्टेंबरात तारखेसाठी मला भरल्या ताटावरून उठवलं होतं. लॅबमधून फोन! म्हणे, आत्ताच लिहा, तासाभरात एक उत्तर येणार आहे, त्याच्या आधी लिहिलेली पाहिजे. कसलं उत्तर विचारलं, तर सांगेना."

शांतीने वर पाहिलं. प्रणित आपल्या बुटांकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. ती उठली, डोळे पुसले, साऱ्या मंडळीदेखत त्याचा हात धरला आणि नावं ऐकायला त्याला पुढच्या बाकावर घेऊन गेली.