नूपुरचा ठावठिकाणा

लोकांच्या मुली अमेरिकेत असतात, माझी गेंड्यांत. नूपुर नामिबियात काळ्या गेंड्यांची डॉक्टर आहे. शिंगांसाठी चोर बंदुका घेऊन येतात, हे तिनंच एकदा हसत हसत सांगितलं आणि माझी झोप उडवली. मग मी हट्टच धरला, रोज संध्याकाळी लोकेशन पाठवायचं. ते तिच्या नियमात बसत नव्हतं. "फक्त तुम्हा दोघांना हं," असं बजावून ती पाठवू लागली.

आज शुक्रवार. इथे सौदीत सुट्टी, थुवालला सगळीकडे सामसूम होती. दुपारची जेवणं झाली, मी ओटा पुसत होते आणि आमचे हे सोफ्यावर फोन बघून गालात हसत होते.

"बघ, मंडळाच्या ग्रुपवर किती अंगठे आले!"

फोटोत गेंड्याची मादी होती, पायाशी नवं पिल्लू. खाली कालचं लोकेशन. वर यांनी लिहिलं होतं, 'आमची नूपुर इथे असते!'

"अहो, लोकेशनसुद्धा टाकलंत?"

"मग कळू दे की लोकांना, पोरगी कसल्या आडरानात राहते ते."

प्लँटमध्ये हा माणूस जगाला सेफ्टी शिकवतो! माझा चेहरा बघून त्यांच्याही डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी घाईघाईनं मेसेज उडवला. "खलास. गेलं."

गेलं कुठलं! मंडळातल्या उमाकांत भावजींना फोन केला, तर ते खुशीत म्हणाले, "वहिनी, मी आमच्या सफारीच्या फेसबुक ग्रुपवर पण टाकलं. हजारो मेंबर आहेत!" मी ओरडलेच. त्यांनी लगेच काढलं बिचाऱ्यांनी, पण तोवर कोणी कोणी पाहिलं, देव जाणे.

नूपुरचा फोन लागेना. हे हळूच म्हणाले, "तिला नको सांगूया. नोकरी जाईल तिची."

"नोकरी जाऊ दे. पोरगी जायला नको," म्हटलं आणि सगळं लिहून पाठवलं.

दुपार उलटून असरची अजान चालू असताना तिचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानंच मी जास्त घाबरले.

"आई, बॉसना सांगितलंय मी. गार्ड्स वाढवलेत. पण पिल्लू इतकं लहान आहे, त्यांना इथून हलवता येत नाही. सो मी पण इथेच थांबतेय."

"तू कशाला? तू डॉक्टर आहेस, पहारेकरी नाहीस!"

"लोकेशन माझ्या फोनवरून गेलं ना, आई."

हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. "बाळा, चुकलं माझं," एवढंच म्हणाले.

"इट्स ओके, बाबा. पण आता लोकेशन बंद. रात्री जेवण झालं की 'जेवले' एवढंच लिहीन."

"पण तू कुठे..." म्हणता म्हणता मी जीभ चावली.

आता रात्रीची, इशाची अजानही होऊन गेली. ताटं वाढलेली तशीच आहेत. ग्रुपवर सुनीतीनं विचारलंय, 'फोटो का काढून टाकला? नूपुर नक्की कुठे असते गं?' मी लिहिलं, 'माहीत नाही.' खरंच माहीत नाही.

"तिथं एक तास मागे असतं," हे म्हणतात. "अजून जेवली नसेल."

"हो, जेवली नसेल," मी म्हणते.

मघाशीही आम्ही हेच म्हणालो होतो.