थोरल्यांची खुर्ची

दिवसभर लोकांचे गुडघे वाकवणाऱ्या बाईने संध्याकाळी आपल्याच पंथाचा इतिहास शिकायला जाऊ नये, हे तिला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. ती फिजिओथेरपिस्ट. गुडघ्याचं एक बरं असतं, कुठे दुखतंय ते पेशंट बोट ठेवून दाखवतो. इतिहासाचं तसं नव्हतं. वर्गात एका ठिकाणी दाबलं की कळ भलतीकडेच उठत होती.

त्यांच्या प्रार्थनाघरात पहिल्या रांगेच्या टोकाला एक साधी लाकडी खुर्ची कायम रिकामी असे. पंथाच्या संस्थापकांना सगळे ‘थोरले’ म्हणत. ही थोरल्यांची जागा, ते कधीही येऊन बसतील, असं ती कळायला लागल्यापासून ऐकत आली होती. तिचे बाबा तिथले मुख्य वाचक. प्रार्थनेआधी ते ती खुर्ची आपल्या रुमालाने पुसत आणि तिच्यापुढे वाकत. लहानपणी ती एकदा त्या खुर्चीवर चढून बसली, तेव्हा एरवी आवाजही न चढवणाऱ्या बाबांनी तिला दंडाला धरून खाली उतरवलं होतं.

आता वर्गात वाचलेल्या सगळ्यांत जुन्या आठवणी म्हणत होत्या, की ती खुर्ची थोरल्यांची नव्हतीच. त्यांनी एका सोबत्याला मतभेदावरून पंथाबाहेर काढलं, ते त्यांना पुढे जन्मभर सलत राहिलं, आणि तो परत आला तर त्याला जागा शोधत उभं राहावं लागू नये म्हणून त्यांनीच ती राखून ठेवायला सांगितली. आणखी कुणी लिहिलं होतं, की ती नुसती उशिरा येणाऱ्यांची सोय होती. थोरले येऊन बसतील ही गोष्ट कितीतरी नंतरची.

“मग खरं कुठलं, सर?” तिने विचारलं.

“जुनं तेच खरं, असं नसतं,” शिकवणारे सर म्हणाले. “त्या आठवणीही ऐकीव असतील. नक्की नाही सांगता येणार.”

एवढंच ऐकायचं तर ती घरी बसून भाजी निवडत बसली असती.

दुसऱ्या कुणी हे हसून सोडून दिलं असतं. तिला सोडता येईना, कारण तिचा दादा. त्याने पंथाबाहेरच्या मुलीशी लग्न केलं, तेव्हा ज्येष्ठांच्या बैठकीत त्याला काढून टाकायला पहिला हात वर झाला तो बाबांचा. आई गेली तेव्हा दादा प्रार्थनाघराच्या फाटकाबाहेर उभा होता आणि आत ती खुर्ची रिकामी होती.

एका संध्याकाळी बाबा गुडघा शेकत बसले होते, तेव्हा तिने त्यांना सगळं सांगून टाकलं. ते चिडतील असं तिला वाटलं होतं. चिडले असते तर सोपं झालं असतं.

“मग इतकी वर्षं मी वाकत होतो ते कुणापुढे?” त्यांनी विचारलं.

“मलाच कळत नाहीये, बाबा.”

“तुझे सर काय म्हणतात?”

“नक्की सांगता येत नाही म्हणतात.”

“मग शिकवतात काय?”

शेकायची पिशवी गार झाली तरी बाबांनी ती गुडघ्यावरून उचलली नाही.

त्यानंतर तिने दादाला फोन केला. “या खेपेला प्रार्थनेला ये.”

“आणि बसू कुठे? तुझ्या डोक्यावर?”

“जागा आहे.”

फोन ठेवल्यावर ती स्वतःलाच विचारत राहिली. कशाच्या जोरावर बोलावलं आपण त्याला? ऐकीव असू शकेल अशा एका आठवणीच्या? आणि ती खोटी निघाली तर दादाने पुन्हा फाटकाबाहेर उभं राहायचं? थोरले खरोखरच येणार असतील तर? आपली श्रद्धा आहे की गेली, तेही तिला सांगता येईना. हात मात्र सवयीने जोडले जात होते.

प्रार्थनेच्या दिवशी प्रार्थनाघर गच्च भरलं. बाबांनी खुर्ची पुसली, पण वाकायच्या वेळी थबकले, रुमालाची घडी घातली आणि आपल्या जागी जाऊन बसले. तेवढ्यात दादा दारात आला. कुणी सरकेना. ती उठली, पेशंटला धरावं तसं तिने त्याचं कोपर धरलं, त्याला पुढे नेलं आणि त्या खुर्चीवर बसवलं.

कुणीतरी खाकरलं. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. मग ते हाताचा रेटा देत उठले, आपली खुर्ची ओढत आणून दादाच्या शेजारी ठेवली, रुमालाने पुसली, त्या रिकाम्या खुर्चीपुढे वाकले आणि उभ्यानेच वाचायला लागले.

सगळं वाचन त्यांनी उभ्याने केलं. तिला प्रार्थनेतला शब्द ऐकू येत नव्हता, ती त्यांच्या थरथरणाऱ्या डाव्या पायाकडे बघत होती. त्यांनी मुलाला जागा दिली होती, की थोरल्यांची जागा त्याच्यापासून वाचवली होती? काही केल्या तिला उलगडेना.

लोक पांगले तसे बाबा पायरीवर टेकले, दादाही शेजारी येऊन उभा राहिला. तिने त्यांचा गुडघा चाचपला. चांगलाच सुजला होता.

“उभे कशाला राहिलात?”

“पुढच्या खेपेला एक खुर्ची जास्त लागेल,” ते म्हणाले.

“कुणासाठी?”

“ते तू शोध. शिकतेयस ना?”

उठायला आधार हवा म्हणून तिने सवयीने आपला हात पुढे केला. बाबांनी दादाचा धरला.