बरी हाय

वच्छलाबाईनं छापील कागद प्रणालीच्या मांडीवर टाकला.

"हे कोनं बोललं?"

कागदावर वच्छलाबाईचाच फोटो होता, गळ्यात निळी पिशवी अडकवलेला. खाली ठळक अक्षरं : 'कापूस वेचायला ही पिशवी बरी आहे.'

बाजेवर बसलेली प्रणाली गोंधळली. पुण्याच्या कंपनीत ती अशा वस्तूंचे नमुने करायची. "तुम्हीच ना, आजी. जुलैत मी आले होते. तुम्ही पिशवी घालून अंगणात चाललात, मी विचारलं, कशी वाटली..."

"पाच मिनिटं! तवा कपाशी टोंगळ्याएवढी बी नोती. रिकामी पिशवी कोनाले जड लागते वो?"

"मग तेव्हाच सांगायचं ना."

"तवा तुमच्या हातात माह्या घरचा चहा होता. पाहुण्याच्या तोंडावर त्याच्या वस्तूले नावं ठेवू? बरी हाय म्हनजे बरी नाही, हे हिवरखेडात शेंबड्या पोराले समजते."

प्रणालीनं वही उघडली आणि तशीच मिटली. त्या दिवशी तिनं नऊ घरं केली होती. नऊही घरी चहा झाला होता.

त्या कागदाच्या भरवशावर गावच्या बचत गटानं पिशव्या घेतल्या. भरली की पट्टा मानेत रुते, आणि बक्कल पाठीमागं असल्यानं एकटीला सोडवता येत नसे. दिवाळीपासून बायका वच्छलाबाईला 'पास करनारी बाई' म्हणू लागल्या. तीस वर्षं तिच्यासोबत शिदोरी सोडणारी रुख्मिणी आता दुसऱ्या झाडाखाली जेवायला बसे.

वच्छलाबाई नवी नवरी होती, तेव्हा सासूनं कापूस वेचायला जुन्या लुगड्याची ओटी तिच्या कमरेला बांधून दिली होती. कशी वाटली, असं सासूनं एकदाही विचारलं नाही. संध्याकाळी तिच्या कमरेवरचे वळ बोटानं चाचपून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी गाठ चार बोटं खाली घेतली.

"उठा," वच्छलाबाई म्हणाली. "वावरात चाला."

दुपारपर्यंत प्रणालीनं कपाशीची एक ओळ कशीबशी वेचून संपवली. पिशवी पोटापुढं फुगून लोंबत होती. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर येऊन तिनं बक्कल सोडायला हात मागं नेले. एकदा, दोनदा. बोटं पोचेनात.

"जेवाले बसा ना, म्याडम," कोणीतरी म्हणालं आणि तिथं जेवायला जमलेल्या बायका खदखदून हसल्या.

रुख्मिणी कळवळून उठली. "माय वो, पोरगी रडकुंडीले आली!"

"बस तू. पाहू दे तिले."

शेवटी प्रणाली गुडघ्यांवर बसली आणि पट्टा डोक्यावरून ओढून मोकळी झाली. मानेवर लाल रेघ उमटली होती. तिनं वही काढली.

"आता सांगा, आजी. नाव नाही घालणार तुमचं."

"काहून? घाला ना. पन जे बोलतो तेच लिवा."

"हो."

"पट्टा, बक्कल, ते ह्या सांगतीन. पयले माहं लिवा." वच्छलाबाईनं पदर सारखा केला. "त्या दिवशी मी खोटं बोलली. घरी आलेल्या पाहुण्याची भीड पडली मले, अन् ह्या बायांची नाही पडली."

प्रणालीनं पेन टेकवलं आणि पुढचं वाक्य येईल म्हणून मान वर केली.

वच्छलाबाई तिच्याकडे पाहतच नव्हती. ती रुख्मिणीकडे पाहत होती.