हेर

स्थापत्याचे प्रोफेसर एवारिस्तो कोलासांती यांनी जन्मभर रोमन भिंतींचं कौतुक केलं आणि म्हातारपणी त्यांतल्या एकीवर त्यांचा राग बसला. कारण एवढंच, की ती हलत नव्हती.

भिंत त्यांच्याच घरातली. रोमच्या टेस्टाचो भागातली त्यांची इमारत एका प्राचीन गोदामाच्या अवशेषांवर उभी होती आणि गोदामाची मागची भिंत थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत चढली होती. जाळीसारखे बसवलेले दगड दिसावेत म्हणून प्रोफेसरांनी तिचा गिलावा कधीच खरवडून काढला होता. "परक्या माणसाशेजारी झोपल्यासारखं वाटतं," अशी बायकोची, आदेलेची, तक्रार असे. आदेले गेली आणि त्या हिवाळ्यात प्रोफेसरांना छतापासून पलंगापर्यंत उतरलेली भेग दिसली. बहुधा ती आधीपासूनच असावी. आता तिकडे बघायला वेळ होता, एवढंच.

तूरिनला पुलांची कामं करणाऱ्या मुलीला, ओर्नेल्लाला, त्यांनी फोन लावला.

"हेर बसवा, पप्पा," ती म्हणाली. "फुटला, तर त्याच दिवशी गाडीत बसते."

हेर म्हणजे काचेची पातळ पट्टी. भेगेवर आडवी ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवायची आणि त्यावर तारीख कोरायची. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. ओर्नेल्लाने सूचना दिली होती. प्रोफेसरांनी ती वचन म्हणून जमा करून घेतली.

तेव्हापासून सकाळी कॉफीच्या आधी काच बघायची. खालून ट्राम धडधडत जाई, वरच्या मजल्यावरची पालमिरा गालिचे बडवी, पण काच शाबूत. ज्वालामुखीची राख घातलेला तो चुना वय होईल तसा घट्ट होत जातो, हे ते वर्गात किती अभिमानाने सांगत! आता त्याच चुन्याला शिव्या देत.

"काय प्रोफेसर, हलली का?" जिन्यात पालमिरा विचारी.

"नाही."

"मग तोंड कशाला पाडता? लोक घर टिकावं म्हणून मेणबत्त्या लावतात!"

ईस्टरच्या आदल्या दिवशी ओर्नेल्लाचा फोन आला. काम आहे, सणाला यायला जमणार नाही. "भिंत कशी आहे?"

"ठीक."

"मग बरंय."

तिने भिंतीची चौकशी केली, यांची नाही. पण खरं सांगायचं तर यांनीही तिला पुलांपलीकडचं कधी काही विचारलं नव्हतं.

प्रोफेसर स्वयंपाकघरात गेले, मांस ठेचायची हातोडी घेऊन आले आणि काचेवर एक घाव घातला. मग फोटो काढून पाठवला.

फोन लगेच वाजला.

"पप्पा, काच चांदणीसारखी फुटलीय."

"हं."

"भिंत सरकली तर काच भेगेच्या रेषेत तडकते. चांदणी पडते ती फटक्याने. तोंडी परीक्षेत तुम्हीच मला विचारलं होतं. मला आलं नाही, तर सगळ्यांसमोर सांगितलंत, सप्टेंबरात पुन्हा परीक्षेला या."

"नियमच होता तसा."

"मी तुमची मुलगी होते."

प्रोफेसरांनी काचेचे तुकडे पायाने भिंतीकडे सारले.

"कशाने मारलंत?"

"आईच्या हातोडीने."

ती हसली की खोकली, फोनवर नीट कळलं नाही. प्रोफेसरांनी पलंगाची कड घट्ट धरली.

"येशील?" त्यांनी विचारलं. भिंतीचं नाव न घेता हे विचारायची त्यांची पहिलीच वेळ.

"चुकलेल्यांना सप्टेंबरातच बोलावतात ना, पप्पा? सप्टेंबरात येते."

फोन ठेवतात न ठेवतात तोच दार वाजलं. पालमिरा. "कसला आवाज झाला? हलली की काय?"

"थोडीशी," प्रोफेसर म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी प्लास्टर कालवलं आणि नवी काच कापायला घेतली. या वेळी जाडसर निवडली. सप्टेंबर अजून लांब होता.